टेक्स्टाईल आणि नैसर्गिक रंगांची आर्टिस्ट रेसिडेन्सी

आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणजे कलाकाराला ठरावीक मुदतीसाठी राहायला खोली, कामाला स्टुडिओ आणि भरपूर मोकळा वेळ देणारी सोय. टेक्स्टाईल रेसिडेन्सीत त्यात माग, सूत, रंगाची भांडी, वाळत घालायला दोऱ्या अशी भर पडते आणि ज्यांच्या घरात ही विद्या पिढ्यानपिढ्या चालत आलीये त्या विणकर-रंगाऱ्यांची सोबत मिळते, आणि माझ्या मते ही सोबतच सगळ्यात मोलाची. मुदत बहुतेक ठिकाणी काही आठवडे ते काही महिने असते. कुठे खर्च संस्था उचलते, कुठे कलाकाराला फी भरावी लागते.

रंगकामाला मुक्कामच का लागतो, दोन दिवसांचं वर्कशॉप का पुरत नाही, हे समजायला रंग कापडाला कसा धरतो ते बघायला हवं. बहुतेक वनस्पतिज रंग नुसते उकळून कापडावर टिकत नाहीत, मधे रंगबंधक लागतो, म्हणजे बहुतेक वेळा तुरटी, आणि रंग काळपट करायचा असेल तर लोखंडाचं पाणी. लोकर-रेशीम तुरटी पटकन धरतात, सुती कापड मात्र हट्टी असतं, त्याला आधी नीट धुऊन खळ काढायची, मग हिरड्यासारख्या टॅनिनवाल्या म्हणजे तुरट पाण्यात भिजवायचं, मग तुरटी, मग रंग, आणि प्रत्येक टप्प्यात वाळवणं आलंच. हवा दमट असली की दिवस वाढतात. एकाच मंजिष्ठेच्या मुळीतून तुरटीवर लाल येतो आणि लोखंडावर जांभळट-तपकिरी, आणि पाणी जड आहे की हलकं यावरही छटा बदलते, म्हणून रेसिडेन्सीत शिकलेली रेसिपी घरी गेल्यावर जशीच्या तशी येईल असं धरून चालू नये.

निळीचं तर सगळंच वेगळं. निळीचा रंग पाण्यात विरघळतच नाही, आधी चुन्यासारख्या अल्कलीत त्याचं क्षपण करावं लागतं, म्हणजे तो विरघळेल अशा रूपात आणावा लागतो. फ्रेंच रंगतज्ज्ञ मिशेल गार्सिया यांची १-२-३ पद्धत यासाठी बरीच वापरली जाते, एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळसाखर. या मिश्रणाचं पिंप तयार झालं की वर तांबूस चमकदार साय येते आणि खालचं पाणी पिवळट-हिरवं दिसतं. कापड हळूच आत सोडायचं, बुडबुडे होऊ द्यायचे नाहीत, काही मिनिटांनी बाहेर काढलं की ते हिरवं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत घडीच्या कडांपासून निळं होत जातं. पहिल्यांदा बघणारा माणूस बोलायचा थांबतो! गडद निळा एका बुडवणीत येत नाही, बुडव-वाळव परत परत करावं लागतं.

अशा जागा जगभर आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत फिलाडेल्फियाचं फॅब्रिक वर्कशॉप १९७७ मध्ये सुरू झालं, तिथे कापडाला कधी हात न लावलेल्या चित्रकार-शिल्पकारांनाही छपाईच्या जाणकारांबरोबर काम करायला बोलावतात. आइसलँडमधल्या ब्लोंडुओस गावात मुलींच्या जुन्या शाळेत टेक्स्टाईल सेंटर आहे, तिथे जुन्या हातमागांसोबत डिजिटल मागही आहे. मेक्सिकोत वाहाका राज्यातल्या सान आगुस्तिन एत्ला इथे चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो यांच्या पुढाकाराने बंद पडलेल्या सूतगिरणीत २००६ मध्ये कलाकेंद्र उभं राहिलं, आणि वाहाका म्हणजे निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांच्या लाल रंगाचा मुलूख. सेनेगलमधल्या सिंथियान गावातलं 'थ्रेड' २०१५ चं, जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत विणकाम शिकलेल्या अ‍ॅनी अल्बर्स आणि त्यांचे पती जोसेफ यांच्या नावाच्या फाउंडेशनने उभं केलेलं. ते फक्त टेक्स्टाईलवाल्यांसाठी नाही, पण त्याचं छत पावसाचं पाणी साठवतं आणि ते गावाला मिळतं, रेसिडेन्सीने गावात असं राहावं असं मला मनापासून वाटतं.

वारसा हा शब्द या क्षेत्रात फार गोड करून वापरला जातो, तो पूर्ण समजून घ्यायला हवा. पेरूतल्या वाका प्रिएता इथे सापडलेलं निळीने रंगवलेलं सुती कापड सुमारे ६००० वर्षं जुनं आहे, इतकी ही विद्या जुनी. पण याच निळीसाठी अमेरिकेत गुलामांना राबवलं गेलं आणि बंगालच्या शेतकऱ्यांवर सक्ती झाली, ज्यातून १८५९ चा नीळ उठाव झाला. १८५६ मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने कृत्रिम जांभळा रंग काढला, १८६८ मध्ये मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि रंगाच्या पिकांचा धंदा बसला. जे रंगारी तरीही टिकले त्यांच्याकडेच आज कलाकार शिकायला जातात.

म्हणूनच शिकवणाऱ्याला काय मिळतं हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रंगाऱ्याने आठ दिवस बसून ठशाचा क्रम, पाण्याचा अंदाज, रंग चढल्याची खूण समजावून सांगायची आणि प्रदर्शनात पाटीवर फक्त पाहुण्याचं नाव, हे चुकीचंच आहे. चांगल्या ठिकाणी मानधन आधी ठरतं, कुठलं नक्षीकाम उतरवून घ्यायचं नाही हेही तिथलेच लोक सांगतात आणि श्रेयात त्यांचं नाव येतं. युनेस्कोचा २००३ चा अमूर्त वारशाचा, म्हणजे कला-कौशल्यं आणि परंपरा जपण्याचा करार समाजाच्या सहभागावर भर देतो, पण रोजच्या कामात ते पाळायचं ते माणसांनीच.

अजून एक गैरसमज, नैसर्गिक म्हणजे निर्धोक. क्रोमसारखे रंगबंधक विषारी असतात, लोखंड जास्त झालं तर धागा कुजतो, चुन्याची पूड नाकात गेली की त्रास होतो. रंगाची भांडी स्वयंपाकाला वापरायची नाहीत, हा नियम सगळीकडे सारखा.

मुक्कामाच्या शेवटी बहुतेकदा ओपन स्टुडिओ असतो, म्हणजे लोकांना काम बघायला बोलावतात, पण मला जास्त जवळची वाटते ती नमुन्यांची वही: दोन बोटं रुंदीचे तुकडे, शेजारी तारीख, कापडाचं वजन, पाणी कुठलं, किती वेळ. काही तुकडे अर्धे जाड कागदाने झाकून खिडकीत लावतात, रंग उन्हात किती विटतो ते बघायला. हळदीचा पिवळा काही दिवसांतच उतरतो, नीळ महिनोन्‌महिने हलत नाही, त्यामुळे कलाकार सामान बांधून निघतो तेव्हा ते तुकडे अजून खिडकीतच असतात आणि त्यांची नोंद पुढच्या मुक्कामाला येणारा करतो.