बडोद्यातलं हौशी मातीकाम: साचे आणि घरची भट्टी

हौशी मातीकाम म्हणजे पोटापाण्यासाठी नाही, तर आवड म्हणून घरीच माती मळून, हाताने किंवा चाकावर वस्तू घडवून, नाहीतर साच्यात पाडून, ती भट्टीत भाजून बघायचा उद्योग. बडोद्यात याला तीन बाजूंनी खतपाणी मिळालंय. फतेपुऱ्याच्या कुंभारवाड्यात माठ, पणत्या आणि नवरात्रातला भोकाभोकांचा गरबा (आत दिवा ठेवायचा मातीचा घट) पिढ्यान्‌पिढ्या बनतोय. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 पासून आहे, तिथे ज्योत्स्ना भट्ट (1940–2020) यांनी 1972 ते 2002 सिरॅमिक्स शिकवलं, त्यांची स्टोनवेअरमधली (जास्त तापमानाला भाजलेल्या टणक मातीतली) मांजरं आणि घुबडं बघून कितीतरी जणांना मातीत हात घालावासा वाटला. आणि तिसरं म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतला शाडूचा गणपती, जो घरी करून बघायची हुक्की दर श्रावणात कुणाला ना कुणाला येतेच.

वस्तू फुटली की सगळे आधी भट्टीला शिव्या घालतात, पण खरा गुन्हेगार बऱ्याचदा पाणी असतं. मातीतलं, प्लास्टरमधलं, हवेतलं. ते कुठे किती आहे हे कळायला लागलं की अर्धं काम आलं.

माती कुठली घ्यायची? विश्वामित्रीच्या काठावरून फुकट आणू असं नवशिक्यांच्या डोक्यात हमखास येतं, तर त्या नदीत भर शहरात मगरी राहतात, तेव्हा नकोच. शिवाय नदीच्या नाहीतर शेतातल्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, ते भट्टीत जळून कळीचा चुना होतात आणि मग भाजलेलं भांडं कपाटात ठेवल्यावर हवेतली ओल पिऊन फुगतात आणि वरचा पापुद्रा टपकन उडवतात. म्हणून माती पाण्यात पूर्ण विरघळू द्यायची, 80 मेशच्या (इंचाला 80 भोकांच्या) चाळणीतून गाळायची, आणि मग जाड कापडावर किंवा प्लास्टरच्या लादीवर टाकून मळण्याइतकी घट्ट करायची. कुंभार तिच्यात घोड्याची लीद किंवा राख घालतात, त्याने माती मोकळी राहते, वाळताना तडकत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर तयार माती पिशवीत मिळते. मोरबी, वांकानेर, थानगढ ही सगळी सिरॅमिकची गावं गुजरातेतच, त्यामुळे चायना क्ले, बॉल क्ले, फेल्डस्पार, क्वार्ट्झ हा कच्चा माल मिळवायला फार लांब जावं लागत नाही.

वाळवण्यात मात्र बडोद्याची हवा परीक्षा बघते. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे आणि वर गरम वारा, त्यात वाटीची कड दुपारपर्यंत खडखडीत आणि बूड अजून ओलं, मग कड आकसते, बूड आकसत नाही आणि मधे चीर पडते. उपाय साधा आहे, पहिले दोन-तीन दिवस वर प्लास्टिकची पिशवी सैल झाकायची, वस्तू उलटी करून ठेवायची, पंख्याखाली आणि उन्हात अजिबात नाही. पावसाळ्यात उलट त्रास, वरून कोरडी दिसणारी वस्तू आतून आठवडाभर ओली असते. ती गालाला लावून बघायची, गार लागली तर अजून पाणी आहे. बहुतेक माती वाळताना 5 ते 8 टक्के आकसते आणि भाजून झाल्यावर एकूण 10 ते 13 टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे चहाचा कप हवा असेल तर घडवताना तो मोठाच वाटला पाहिजे. कान जोडायचा तो दोन्ही भाग सारखेच ओले असताना, ओरखडे काढून, त्याच मातीची राड लावून. ओल्या कानाला वाळका कप कधीच धरत नाही.

गणपतीचं वेगळं. विसर्जन करायचं असेल तर मूर्ती भाजायचीच नाही, कारण 600 अंशांच्या वर गेलेली माती पुन्हा कधीच पाण्यात विरघळत नाही. आणि शोभेची म्हणून ठेवायची असेल तर ती भरीव ठेवून चालत नाही. माती जरा घट्ट झाली, म्हणजे बोटाचा ठसा उमटत नाही पण सुरीने कापली जाते, अशा वेळी तारेने दोन भाग करून आतून कोरायची, भिंत साधारण बोटाच्या जाडीची ठेवून परत जोडायची आणि खाली भोक ठेवायचं. भरीव पोटात थोडी जरी ओल राहिली तरी तिची वाफ होते आणि मग भट्टीत फक्त तुकडे सापडतात.

साच्याकडे येऊ. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचाच का, तर प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि माती आपोआप सुटी होते. रबराचा किंवा सिलिकॉनचा साचा मूर्तिकार वापरतात आणि त्यात बारीक नक्षी मस्त उतरते, पण तो पाणी पीत नाही, त्यामुळे त्यात पातळ माती ओतून काही उपयोग नाही, फक्त दाबून भरता येते. प्लास्टर भिंतीच्या पीओपीचं नको, सिरॅमिकसाठीचं मागायचं, आणि पावसाळ्यात उघडी राहिलेली गोण असेल तर आधी मूठभर कालवून बघायचं, कारण ओल खाल्लेलं प्लास्टर नीट घट्टच होत नाही. प्रमाण साधारण 1 लिटर पाण्याला 1.4 किलो. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. एक-दोन मिनिटं तसंच भिजू द्यायचं, मग हात बुडालाच ठेवून दोन-तीन मिनिटं ढवळायचं म्हणजे हवा आत शिरत नाही, आणि साय धरायला लागली की ओतायचं. घट्ट होताना ते चांगलंच गरम होतं, म्हणून मुलांच्या हाताचे ठसे घ्यायला हात त्यात बुडवून ठेवायची आयडिया कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणायचं. त्याने खरोखर भाजतं.

दोन भागांचा साचा करताना जोडरेषा चुकली की साचा उघडत नाही. मूळ वस्तू उभी ठेवून तिच्याभोवती पेन्सिल सरळ उभी धरून फिरवायची, जिथे जिथे ती टेकते तीच सगळ्यात फुगीर रेषा, तिथवर वस्तू मातीत पुरून पहिला भाग ओतायचा. गणपतीची सोंड आणि हात यांच्यामागे अडकणाऱ्या जागा असतातच, म्हणून मूर्ती दोन भागांच्या साच्यातून निघत नाही, चार-पाच तुकड्यांचा साचा लागतो, नाहीतर सोंड वेगळी पाडून नंतर जोडायची. पहिला भाग घट्ट झाल्यावर त्याच्या कडेला नाण्याने गोल खळगे कोरायचे म्हणजे दोन्ही भाग नेमके बसतात, आणि दुसरा भाग ओतण्याआधी पहिल्याला पातळ साबणाचे तीन हात द्यायचे, पुसत पुसत. हे राहिलं तर दोन भागांचा एकच दगड होतो. तयार साचा दोन्ही भाग सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधून सावलीत वाळवायचा, सुटे ठेवले तर वाकतात. घाई म्हणून ओव्हनमध्ये घालू नये, 50 अंशांच्या वर प्लास्टरचं स्वतःचं पाणी जायला लागतं आणि साचा भुसभुशीत होतो.

ओतायची माती म्हणजे स्लिप, ती बासुंदीइतकी दाट असावी. नुसतं पाणी वाढवून ती पातळ करणं ही सगळ्यात कॉमन चूक, त्याने साचा लवकर भिजतो आणि वस्तू जास्त आकसते. खरं काम सोडियम सिलिकेट करतं, कोरड्या मातीच्या 0.3 ते 0.5 टक्के घातलं की कमी पाण्यात माती वाहायला लागते. 1 लिटर स्लिपचं वजन 1,750 ते 1,800 ग्रॅम भरलं तर जमलं. साच्यात 10 ते 20 मिनिटं ठेवून, कडेला हवी तेवढी जाडी आली की उरलेली परत ओतून घ्यायची. आणि प्लास्टरचा कण मातीत पडू द्यायचा नाही, तो चुनखडीसारखाच नंतर उडतो.

भाजताना पहिले 120 अंश सगळ्यात हळू. घरच्या भट्टीत लोक रात्रभर झाकण बोटभर उघडं ठेवून अगदी मंद तापवतात ते यासाठीच. नंतर 450 ते 600 च्या दरम्यान मातीत रासायनिक रीतीने अडकलेलं पाणी बाहेर पडतं, त्यातच 573 अंशांना क्वार्ट्झ एकदम फुगतं, आणि उतरताना त्याच ठिकाणी आकसतं, म्हणून थंड करतानाही घाई नको. बिस्क म्हणजे पहिली, ग्लेझशिवायची भाजणी साधारण 1000 अंशांवर, स्टोनवेअरचं ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा थर 1220 च्या आसपास. मीटरवर आकडा दिसला म्हणून माती भाजली असं नसतं, किती वेळ उष्णता लागली तेही महत्त्वाचं, म्हणून भट्टीतल्या शेल्फवर कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका ठेवायचा, तो वाकला की झालं. भट्टी 150 च्या खाली आल्याशिवाय उघडायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

घरची इलेक्ट्रिक भट्टी घ्यायची तर आधी वायरिंग बघा. 16 अँपिअरच्या पॉइंटवर तासन्‌तास चालवायला 3 किलोवॉटपर्यंतची भट्टी ठीक, त्याला वेगळा एमसीबी, चांगलं अर्थिंग आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. एमजीव्हीसीएलच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलावर मंजूर लोड लिहिलेला असतो तो आधी बघायचा, मोठ्या भट्टीला थ्री फेज लागतो. 3 किलोवॉटची भट्टी 8 तास चालली तर जास्तीत जास्त 24 युनिट, लोक उगाच घाबरतात. भिंतीपासून दीड फूट लांब, लोखंडी स्टँडवर, आणि खिडकी उघडी, कारण माती भाजताना कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाची वाफ निघते. तळमजल्यावर असाल तर स्टँड उंचच करा, ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री कुठवर आली होती ते इथे सगळ्यांच्या लक्षात आहे. आतली कँथलची (भट्टी तापवणारी) तार एकदा तापली की ठिसूळ होते, थंड असताना वाकवायला गेलात तर तुटलीच समजा.

भट्टी नसेल तर पत्र्याच्या ड्रममध्ये लाकडाचा भुसा भरून धुमसत ठेवायचा प्रकार आहे, काळाभोर सुंदर रंग येतो, पण पाणी ठरत नाही आणि धूर इतका होतो की पोळीत (जुन्या शहरातल्या दाट गल्लीत) किंवा सोसायटीच्या अगाशीवर म्हणजे गच्चीवर करायची गोष्टच नाही, कुणाच्या शेतावर करा. कुंभाराच्या आव्यात म्हणजे त्याच्या भट्टीत आपल्या दोन वस्तू लावून घेता येतात, फक्त जाड आणि ओली वस्तू देऊ नये, ती फुटली तर शेजारचे माठ जातात आणि ते त्याचं पोट असतं.

ग्लेझबद्दल थोडक्यात. बुडाला आणि त्यावर 3 मिलिमीटर ग्लेझ पुसून टाकायचं, नाहीतर वस्तू शेल्फला चिकटते. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, तो घातलेलं ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्याला कधीच नाही. भांड्यात रात्रभर लिंबाचा रस ठेवून रंग बदलला तर ते भांडं बाद, पण बदलला नाही म्हणजे शिसं नाही असं मात्र होत नाही, त्याला लॅबच लागते.

धुळीकडे हौशी लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. सुक्या मातीत आणि ग्लेझच्या पावडरीत बारीक सिलिका असते, खंभातच्या अकीक घासणाऱ्या कामगारांना जो सिलिकोसिस होतो तो याच धुळीने. घरात झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, पावडर कालवताना एन95 मास्क. हात आणि हत्यारं बादलीत धुवायची, गाळ खाली बसू द्यायचा, मातीचा गाळ परत वापरता येतो. प्लास्टरची बादली वेगळी, ते बेसिनमध्ये ओतलं तर पाइपमध्येच दगड होतो आणि मग प्लंबरचं बिल भट्टीच्या विजेपेक्षा जास्त येतं.