नियोजनाच्या बैठकीतल्या दोन तऱ्हा: पार्श्वभूमी

वार्षिक नियोजनाच्या बैठकीत एक संचालक आहे त्या उत्पादन लाइनचा वेग वाढवायचा आराखडा मांडतो. दुसरा विचारतो, ही लाइन हवीच कशाला? चहा येईपर्यंत पहिला 'जुनाट' आणि दुसरा 'हवेतला' ठरलेला असतो.

या कुरबुरीचा माग ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन याच्या 1961 च्या पाहणीपर्यंत जातो. कंपन्यांत नव्या कल्पना मंजूर कशा होतात, हे त्यात पाहिलं होतं. चालू चौकटीत बसणाऱ्या कल्पना सहज पुढे सरकत. चौकट मोडणाऱ्या वर्षानुवर्षे पडून राहत आणि संकट कोसळलं की बाहेर निघत. त्याच अभ्यासकाने 1976 मध्ये 32 विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. गुण 32 ते 160. कमी गुण म्हणजे चौकटीत राहून सुधारणा करणारा, जास्त म्हणजे चौकटच बदलू पाहणारा.

खरा वाद पेटला तो त्याच्या एका निर्णयावर. हे गुण फक्त शैली दाखवतात, कुवत नाही, असं त्याने ठासून सांगितलं. म्हणजे 70 वाला आणि 120 वाला, दोघंही तितकेच सर्जनशील असू शकतात. 1980 च्या दशकात टीकाकारांनी बोट ठेवलं ते मोजपट्टीच्या एका भागावर. कोण किती कल्पना सुचवतो, हे त्यात विचारलेलं. मग ही कुवतच मोजली, नाही का? सर्जनशीलतेच्या इतर चाचण्यांशीही या भागाचा थोडाफार मेळ दिसला. बचाव असा, की कल्पनांचा ढीग लावणं हीही आवडच. दुसरा मोजक्याच मांडतो, पण चालतील अशा. आकड्यांपुरती टीका रास्त आहे. तरीही शैली आणि कुवत वेगळी धरली नाही, तर बैठकीत निम्म्या लोकांना 'मंद' म्हणायचा परवाना मिळतो, हे टीकाकारांनी फारसं मनावर घेतलं नाही.

दोन गटांच्या सरासरीत 20 गुणांचं अंतर पडलं की संवाद अडतो आणि मधल्या कुणाला तरी दुवा व्हावं लागतं, हाही याच परंपरेतला आडाखा.

नंतर भर माणसं ओळखण्यापेक्षा बैठकीच्या नियमांवर गेला. 1970 च्या दशकात आधी गुपचूप लिहा, मग बोला, ही पद्धत रुळली. 2004 मध्ये एका अमेरिकी ऑनलाइन विक्रेत्याने वरिष्ठांच्या बैठकीतून स्लाइड्स हद्दपार केल्या. सगळ्यांनी लेखी टिपण आधी शांतपणे वाचायचं आणि मगच तोंड उघडायचं. 2007 पासून गाजलेल्या एका पद्धतीत 'योजना फसली' असं गृहीत धरून प्रत्येकाने कारणं लिहायची. यात शंकेखोरालाही हक्काची पाळी मिळते आणि कुणाचे किती गुण, हे विचारावं लागत नाही.