गिनीपिगची आनंदउडी

खुशीत आलेला गिनीपिग उभ्या जागी चारही पाय उचलून उडी घेतो, हवेतच अंगाला झटका देतो आणि पुष्कळदा उलट्या दिशेला तोंड करून खाली उतरतो. पाळणाऱ्यांमध्ये या वर्तनाला ‘पॉपकॉर्निंग’ म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्राण्याला फिट आली की काय, अशी धास्ती वाटते. पण उडीनंतर तो लगेच धावू लागतो किंवा खायला बसतो. फिट आलेला प्राणी आडवा पडतो.

गिनीपिग (केव्हिया पोर्सेलस) दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवला गेला. तो शिकार होणारा प्राणी आहे. जरा खुट्ट झाले की जागीच थिजायचे नाहीतर लपायचे, हा त्याचा स्वभाव. म्हणून नव्या घरात पहिले काही दिवस तो कोपरा सोडत नाही, आणि म्हणूनच त्याची पहिली उडी पाहणे हा पाळणाऱ्याच्या वाट्याला येणारा फार मोठा आनंद आहे: आता या घराची भीती उरलेली नाही, हे तो अंगाने सांगत असतो. पिल्ले डोळे उघडे, अंगावर केस आणि तोंडात दात घेऊनच जन्मतात, त्यामुळे त्यांच्या उड्या फार लवकर सुरू होतात. वय वाढले की उडी बुटकी होते. थोराड नराचा कधीकधी फक्त मागचा भाग उसळतो, तेही तितकेच लोभस दिसते.

दुसरी गंमत आवाजाची. खाणे येणार असे कळले की गिनीपिग ‘व्हीऽक, व्हीऽक’ अशी लांब शीळ घालतो, आणि ती मुख्यतः माणसाला उद्देशून असते. नागपुरातल्या घरात सांबाराची (म्हणजे कोथिंबिरीची) जुडी पिशवीतून काढताना प्लास्टिक नुसते चुरचुरले तरी पिंजऱ्यातून हाक येते. फ्रिजचे दार, गेटची कडी, ऑफिसातून परतलेल्या माणसाची पावले, सगळे त्याच्या ध्यानात राहते. सांबार त्याला मनापासून आवडतो. माणसाप्रमाणेच त्याचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, ते रोज आहारातून मिळावे लागते. त्यासाठी सिमला मिरची उत्तम. संत्र्याची एखादी फोड चालते, मात्र साखरेमुळे रोज नको. मुख्य आहार सुके गवतच, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चावूनच झिजतात.

नागपूरचा उन्हाळा मात्र या प्राण्याला सोसणारा नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांवर जातो, आणि गिनीपिगला तर तिशीच्या आसपासच उष्माघाताचा धोका सुरू होतो. त्याला घाम येत नाही. कूलर असलेल्या खोलीत, पण थेट झोताबाहेर पिंजरा ठेवणे, खाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली देणे, एवढे तरी हवेच. या दिवसांत उड्या बंद होतात. तो पसरून पडतो. जोरजोरात धाप लागली, तोंडातून लाळ गळू लागली तर तातडीने पशुवैद्य गाठावा.

एकटा गिनीपिग कमी उड्या मारतो, असा बहुतेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. तो कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून त्याला एकटे ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. हौसेने एकच पिल्लू आणणे म्हणूनच योग्य नाही. दोन माद्या एकत्र ठेवाव्यात: एकीने उडी घेतली की बहुधा दुसरीही घेते.