कळवणं वेगळं, मागणं वेगळं: इंटर्नच्या मेसेजमधला नेहमीचा घोळ

‘पण मी सांगितलं होतं.’ इंटर्नशिप संपताना काम अर्धवट राहिलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. सांगितलेलं असतं, मागितलेलं नसतं. अपडेट आणि विनंती हे दोन वेगळे प्रकारचे मेसेज आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी नीट समजावून द्यायला हवं. ते कोणी देत नाही. ‘कम्युनिकेशन स्किल्स’ म्हणून शिकवलं जातं ते अस्खलित इंग्रजी आणि आत्मविश्वासाने बोलणं. हा घोळ मात्र अस्खलित इंग्रजीतही तसाच राहतो.

अपडेट तुम्हाला येते. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तेच केलेलं असतं. काय झालं, काय राहिलं, तारीख हलली का, एवढं तीन ओळींत लिहायचं. किती कष्ट घेतले ते लिहू नका. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो.

अडतं ते विनंतीपाशी. हा नेहमीचा नमुना पाहा:

‘तक्रारींचं वर्गीकरण सुरू आहे. मार्चच्या शीटचा अ‍ॅक्सेस अजून मिळालेला नाही. बाकी काम ठीक चालू आहे.’

लिहिणारीच्या मते तिने अ‍ॅक्सेस मागितला. वाचणाऱ्या मॅनेजरच्या मते काम ठीक चालू आहे. दोघींचीही चूक समजण्यासारखी आहे, कारण मधल्या वाक्यात अ‍ॅक्सेस द्यायचा कोणी, याचा पत्ताच नाही. ‘मिळालेला नाही’, ‘झालेलं नाही’, ‘अडकलंय’ ही मराठीतली फार सोयीची क्रियापदं आहेत. कोणाकडे बोट न दाखवता अडचण सांगता येते, म्हणून ती सभ्य वाटतात. पण ज्या वाक्यात करणारा नाही, ते वाचून कोणी काही करत नाही. त्यात शेवटी ‘बघतोय’ किंवा ‘बघतेय’ जोडलं की विषयच मिटला. वाचणारा समजतो की हा स्वतःच मार्ग काढतोय.

म्हणून पाठवण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: समोरच्याने हा मेसेज वाचून काहीच केलं नाही, तर माझं काम अडेल का? अडणार नसेल तर ती अपडेट. अडणार असेल तर ती विनंती, आणि विनंतीला चार गोष्टी लागतात: कोणाकडून, नेमकं काय, कधीपर्यंत, आणि नाही मिळालं तर काय होईल. आधी काय करून पाहिलं तेही एका वाक्यात येऊ द्या, म्हणजे उलट प्रश्न येऊन एक फेरी वाया जात नाही.

‘मॅडम, मार्चच्या शीटचा अ‍ॅक्सेस बुधवारी दुपारी १२ पर्यंत द्याल का? सोमवारी आयटीकडे तिकीट टाकलं होतं. तुमच्या मंजुरीशिवाय देता येत नाही असं त्यांनी कळवलं. बुधवारपर्यंत मिळाला नाही, तर शुक्रवारच्या अहवालात फक्त जानेवारी आणि फेब्रुवारी येतील.’

यात उद्धट काही नाही. शेवटचं वाक्य अनेकांना धमकीसारखं वाटतं म्हणून ते गाळतात, आणि तिथेच चुकतात. त्या वाक्यामुळे मॅनेजरला ठरवता येतं: आत्ता पाच मिनिटं द्यायची, की अपुरा अहवाल चालवून घ्यायचा. कधीकधी ती म्हणेल, ‘मार्च नको, चालेल.’ तेही उत्तरच आहे.

‘लवकरात लवकर’ ही वेळ नव्हे. वार आणि तास लिहा. ‘अर्जंट’ हा शब्द तर इंटर्नने शक्यतो वापरूच नये. तारीख लिहिली की घाई आपोआप कळते. दहा जणांच्या ग्रुपवर ‘कोणी सांगू शकेल का?’ असं विचारू नका, प्रत्येकाला वाटतं दुसरा सांगेल. एका मेसेजमध्ये दोन प्रश्न टाकले तर सोप्याचं उत्तर येतं आणि अवघड तसाच राहतो. निदान १, २ असे आकडे घाला. अपडेट आणि विनंती एकत्र पाठवायची असेल तर विनंती वर घ्या. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात.

निर्णय हवा असेल तर आणखी एक वाक्य कामाला येतं: ‘गुरुवारी ४ पर्यंत काही कळलं नाही, तर पहिला पर्याय धरून पुढे जाते.’ पण हे फक्त मागे फिरवता येईल अशाच कामात. डेटा पुसणं, ग्राहकाला मेल पाठवणं, पैसे खर्च करणं, यांत समोरच्याचं मौन म्हणजे होकार नाही. तिथे स्पष्ट ‘हो’ येईपर्यंत थांबायचं.

रोजच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, हाच घोळ तोंडी होतो. स्क्रम या टीमने काम करण्याच्या पद्धतीच्या नियमाप्रमाणे ही बैठक जास्तीत जास्त १५ मिनिटांची. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे ठरावीक तीन प्रश्न स्क्रम गाइड या तिच्या नियमपुस्तिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून गेले, तरी अनेक टीम अजून तेच विचारतात. तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोनांच्याच सुरात दिलं जातं आणि पाळी पुढे सरकते. अडचण सांगताना माणसाचं नाव घ्या, ‘बैठकीनंतर तुमची दहा मिनिटं हवी आहेत’ असं म्हणा, आणि बैठक संपताच तेच लिहून पाठवा.

मागायचं कधी? समोरच्याला दोन मिनिटांत सांगता येईल अशा गोष्टीवर अर्धा तास घालवून नवं काही हाती लागलं नाही, की विचारा. दिवसभर एकट्याने झगडण्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. उत्तर आलं नाही तर कामाचा एक दिवस थांबून त्याच थ्रेडमध्ये विनंती पुन्हा पूर्ण लिहा. ‘काही अपडेट?’ एवढंच लिहिलं तर समोरच्याला जुना मेसेज शोधावा लागतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. ‘टू’मध्ये कोण आणि ‘सीसी’त कोण, याचं उत्तर ई-मेलच्या मानकातच आहे: आरएफसी ५३२२ नुसार सीसीतल्या माणसाला प्रत मिळते, पण मजकूर त्याला उद्देशून असेलच असं नाही. ज्याच्याकडून काम हवं तो ‘टू’मध्ये, एवढं पाळा. मेल की चॅट, हे टीम करते तसं करा. आणि चॅटवर नुसतं ‘हाय’ टाकून उत्तराची वाट बघत बसू नका. नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये पाठवा.

मागितलेलं मिळालं की त्याच थ्रेडमध्ये एक ओळ टाका: ‘अ‍ॅक्सेस मिळाला, अहवाल ठरल्याप्रमाणे शुक्रवारी देते.’ ही मात्र अपडेट. हिला उत्तर आलं नाही तरी चालतं.