दुर्गम बेटांवरील वित्तीय समावेशन

मुख्य भूमीपासून दूर असलेल्या बेटांवरील रहिवाशांना बचत, पैशांची देवाणघेवाण, कर्ज आणि विमा या सेवा परवडणाऱ्या खर्चात व वर्षभर उपलब्ध करून देणे म्हणजे बेटांवरील वित्तीय समावेशन. किती खाती उघडली यावरून त्याचे यश मोजण्याची रूढ पद्धत येथे अपुरी पडते. खाते एकदाच उघडायचे असते. भर पावसाळ्यात बोट बंद आणि लिंक गेलेली असताना त्यातून पैसे निघतात का, हा खरा प्रश्न आहे.

भारतात याचे सर्वांत बोलके उदाहरण लक्षद्वीपचे आहे. कोचीपासून सुमारे २२० ते ४४० किमी. अंतरावर पसरलेल्या या द्वीपसमूहाचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौ. किमी. आहे. छत्तीसपैकी दहा बेटांवर वस्ती आहे. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ भरली. त्यांपैकी बित्रा बेटावर केवळ २७१ माणसे होती. एवढ्या वस्तीसाठी स्वतंत्र शाखा चालवायची तर जागा, कर्मचारी, वीज आणि सुरक्षा यांचा खर्च ठेवींतून निघत नाही. नोटांची ने-आणही समुद्रावर अवलंबून असते, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात जहाजांचे वेळापत्रक कोलमडते. मासेमारीही त्याच महिन्यांत मंदावते. म्हणजे कमाई थांबते आणि साठवलेल्या पैशांची गरज लागते, तेव्हाच बँक सर्वांत दूर जाते.

या बेटांना व्यापार नवा नाही; रोकड मात्र फार काळ दुर्मीळ होती. कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या अमलात काथ्याच्या खरेदीची मक्तेदारी शासकाकडे होती. बेटवासी काथ्या देत आणि त्याच्या बदल्यात ठरवून दिलेल्या दराने तांदूळ घेत. दर ठरवण्यात त्यांचा हात नसे. पुढे इंग्रजांच्या काळातही ही पद्धत दीर्घकाळ टिकली. स्वतःच्या कष्टाचा मोबदला पैशांत हातात पडणे आणि तो केव्हा, कुठे खर्चायचा हे स्वतः ठरवता येणे याचे मोल या इतिहासामुळे कळते.

आधुनिक बँकव्यवहार येथे प्रामुख्याने सिंडिकेट बँकेने रुजवला. १९२५ साली उडुपीत स्थापन झालेल्या या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली होती. दारोदार फिरून दोन आण्यांसारखी किरकोळ रक्कम गोळा करणारा पिग्मी एजंट महाराष्ट्रातही पतसंस्थांमुळे घरोघरी परिचित आहे. १ एप्रिल २०२० रोजी ही बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. खासगी क्षेत्रातील पहिली शाखा उघडायला मात्र एप्रिल २०२४ उजाडले. त्या महिन्यात एचडीएफसी बँक लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती येथे आली.

शाखेला पर्याय म्हणून रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकिंग प्रतिनिधींना परवानगी दिली. व्यवहारात हा प्रतिनिधी, म्हणजे बँकमित्र, बहुतेकदा किराणा दुकानदारच असतो. ग्राहक यंत्रावर अंगठा लावतो आणि दुकानदार गल्ल्यातून पैसे देतो. तेवढी रक्कम ग्राहकाच्या खात्यातून दुकानदाराच्या खात्यात जमा होते. मोठ्या गावात भरणारे आणि काढणारे यांचा मेळ बसतो. बेटावर पेन्शन किंवा मजुरी जमा झाली की सगळेच काढायला येतात. दुपारपर्यंत गल्ला रिकामा होतो आणि पुन्हा नोटा आणायच्या तर दुकान बंद ठेवून शाखा असलेल्या बेटावर जावे लागते. प्रवासखर्च व बुडालेली विक्री धरली तर त्याचे कमिशन पुरत नाही. अशा ठिकाणी प्रतिनिधीला जादा मोबदला आणि नोटा पोहोचवण्याची सोय देणे हा बँकेचा खर्च मानला पाहिजे. तो दुकानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

दुसरी अट वीज आणि संपर्काची. मुंबईच्या बंदरातील घारापुरीला कायमची वीज समुद्राखालच्या केबलने फेब्रुवारी २०१८ मध्ये मिळाली, यावरून ‘दुर्गम’ हे केवळ किलोमीटरवर ठरत नाही हे ध्यानात येईल. लक्षद्वीपचे इंटरनेट अनेक वर्षे उपग्रहावर चाले. ३ जानेवारी २०२४ रोजी कोची–लक्षद्वीप समुद्री केबलचे उद्घाटन झाले आणि मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याचा पाया पक्का झाला.

कर्जाचे कोडे वेगळे आहे. लक्षद्वीपच्या अनेक बेटांवर मातृवंशीय तरवाडाची, म्हणजे आईच्या वंशाने चालणाऱ्या एकत्र कुटुंबाची, सामाईक मालमत्ता असते. ती एकट्याला विकता किंवा गहाण टाकता येत नाही. शिवाय जमीन बाहेरच्यांकडे जाऊ नये म्हणून कायद्याचे निर्बंध आहेत. हे संरक्षण रास्तच आहे. बँकेने जमिनीचा आग्रह सोडून होडी, पगार, सुकवलेल्या टूनाची विक्री किंवा बचत गटाची हमी यांच्या आधारे कर्ज द्यायला शिकायला हवे.

इंडोनेशियात बँक रक्यात इंडोनेशियाने २०१५ मध्ये जकार्ताजवळच्या ‘हजार बेटां’त बोटीवरची शाखा सुरू केली. पुढच्याच वर्षी, जून २०१६ मध्ये, तिने स्वतःचा उपग्रह सोडला. बँकेच्या मालकीचा तो जगातील पहिला दूरसंचार उपग्रह. सतरा हजारांहून अधिक बेटांच्या देशात त्यामागचे गणित सहज पटते.

केबलवरच सगळी भिस्त ठेवली तर काय होते, हे प्रशांत महासागरातील टोंगा या द्वीपराष्ट्राने अनुभवले. तेथील राष्ट्रीय उत्पन्नाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा परदेशस्थ नातलग पाठवतात. १५ जानेवारी २०२२च्या ज्वालामुखी उद्रेकात केबल तुटली आणि नेमक्या गरजेच्या वेळी हे पैसे अडकले. आंतरराष्ट्रीय जोडणी सुमारे पाच आठवड्यांनी पूर्ववत झाली. बाहेरच्या बेटांच्या केबलला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. त्यामुळे पर्यायी उपग्रह जोडणी आणि बेटावरच रोकडीचा राखीव साठा यांना पर्याय नाही.

विम्यात प्रशांत महासागरातीलच फिजी या द्वीपराष्ट्राचा प्रयोग लक्षणीय आहे. २०२१ पासून तेथील लहान शेतकऱ्यांना असा विमा मिळू लागला की वादळाची किंवा पावसाची तीव्रता ठरलेली मर्यादा ओलांडताच भरपाई देय होते. प्रत्येक शेतातील नुकसान मोजायला तपासनीस बोटीने येईपर्यंत शेतकऱ्याला थांबावे लागत नाही.