मालमत्ता कराचं बिल जास्त आलंय? आधी भांडवली मूल्यामागच्या नोंदी तपासा

बिल फुगलं की बरेच जण विभाग कार्यालयात जाऊन 'कर कमी करा' असा अर्ज देतात. असा अर्ज पडून राहतो, कारण कराचे दर मुंबई महापालिका ठरवते आणि ते एका फ्लॅटपुरते बदलत नाहीत. बदलू शकतं ते तुमच्या जागेचं भांडवली मूल्य, म्हणजे करासाठी धरलेली जागेची किंमत, तेही त्यामागची नोंद चुकली असेल तर. म्हणून तक्रार रकमेविरुद्ध नको, नोंदीविरुद्ध करा.

१ एप्रिल २०१० पासून मुंबईत कर भांडवली मूल्यावर लागतो. त्याआधी तो अपेक्षित भाड्यावरून काढलेल्या करपात्र मूल्यावर होता. आता रेडी रेकनरमधला (सरकारने ठरवलेल्या जागांच्या भावांच्या तक्त्यातला) तुमच्या भागाचा दर चौरस मीटरचा भाव घेतात, त्याला चटई क्षेत्राने (कार्पेट एरियाने) गुणतात आणि वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला यांचे भारांक (कमी-जास्त करणारे गुणक) लावतात. आलेल्या मूल्यावर सर्वसाधारण कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर (रस्त्यांसाठीचा कर) असे एकेक कर आपापल्या दराने बसतात. रेडी रेकनर वाढला म्हणून लगेच बिल वाढत नाही. मूल्याची फेरआखणी कायद्यानुसार पाच वर्षांनी व्हायची असते.

सगळ्यात जास्त घोळ क्षेत्रफळाचा. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या चटई क्षेत्राच्या निवासी घरांना कर माफ आहे. त्याहून थोडी जरी जास्त जागा नोंदली असेल तरी कर फक्त वरच्या भागावर नाही, पूर्ण जागेवर लागतो. जुन्या करारनाम्यात मात्र बहुधा बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्र लिहिलेलं असतं. करारात ५६० चौरस फूट बिल्ट-अप असेल तर १.२ ने भागून चटई क्षेत्र साधारण ४६७ येतं, म्हणजे घर माफीत बसतं. हे निव्वळ गणित सांगून चालत नाही. मंजूर नकाशाची प्रत, आर्किटेक्टचा चटई क्षेत्राचा दाखला आणि करारनाम्यासोबत इंडेक्स २ (दस्त नोंदणीचा उतारा) जोडा. सोसायटीचं बिल एकत्र येत असेल तर माफीचा फायदा ज्या सभासदांचा आहे त्यांच्याच मेंटेनन्सच्या बिलातून वजा व्हायला हवा. तो सगळ्यांत वाटून टाकणं चूक आहे.

दुसरी चूक वापराची. पूर्वी त्या जागेत दवाखाना किंवा ऑफिस असेल तर नोंद अनिवासी राहून जाते. ओळखायची खूण सोपी: रोजगार हमी उपकर अनिवासी जागांनाच लागतो. घराच्या बिलात त्या ओळीपुढे रक्कम दिसली तर वापराची नोंद तपासायलाच हवी.

पहिल्यांदा मूल्य ठरलं किंवा वाढलं की मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १६२ खाली विशेष नोटीस येते. ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत करनिर्धारण व संकलन खात्याच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या. खाते क्रमांक, चुकलेली नोंद, बरोबर नोंद आणि पुरावा एवढंच लिहा. पोचेवर तारखेचा शिक्का घ्या. सुनावणीला मूळ कागद न्या. निकाल मान्य नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) अपील होतं, पण आधी तक्रार केलेली असावी लागते आणि वादातली रक्कम भरावी लागते. बरेच दावे इथेच अडकतात.

मोकळ्या भूखंडाच्या मालकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. पुढे तिथे किती बांधता येईल हे धरून भांडवली मूल्य काढता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२२ चा निकाल आहे.

घर विकत घेतलं असेल तर हस्तांतराची सूचना तीन महिन्यांत द्या. नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स २, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि थकबाकी नसल्याचं शेवटचं बिल लागतं. वारसाहक्काने आलेल्या घराला मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद. मात्र करबिलावर नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. बेकायदा बांधकामही कर भरल्याने कायदेशीर होत नाही.

बिल सहामाही असतं आणि भरायला ९० दिवस मिळतात. पुढे दरमहा २ टक्के दंड चढतो, आणि तक्रार दिली म्हणून तो थांबत नाही. म्हणून रक्कम 'निषेध नोंदवून भरत आहे' असं लेखी कळवून भरून टाका आणि पावतीची प्रत तक्रारीला जोडा.