डंजनेसचा गोट्यांचा किनारा आणि रात्रीचा कॉड : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या केंट परगण्यात डंजनेस येथे समुद्रात घुसलेला गोट्यांचा विस्तीर्ण पट्टा आहे. त्यात पाय रुततो, म्हणून जुने मच्छीमार बुटांखाली लाकडी फळ्या बांधून चालत. येथे पाणी काठालाच खोल असल्यामुळे हिवाळ्यात, अंधार पडल्यावर, विशेषतः वादळाने गढूळ झालेल्या पाण्यात खाद्य शोधत आलेला कॉड हा थंड पाण्यातला खाण्याचा मासा काठावरून फेकलेल्या गळाच्या टप्प्यात येतो.

काठावरून गळाने कॉड पकडण्याच्या छंदाचा खरा बहर १९६० नंतरच्या दोन दशकांतला. त्या काळात उत्तर समुद्रात कॉडच्या आणि त्याच्या कुळातील इतर माशांच्या पिढ्या असाधारण भरघोस निपजल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास काचतंतूच्या पोकळ काठ्या, नायलॉनचा दोर आणि तळात रुतून बसणारे तारेच्या आकड्यांचे शिसे सामान्य माणसाच्या हाती आले. गोट्यांवर दाबाची बत्ती ठेवून, लगवर्म नावाच्या किड्याचे किंवा माकुळाचे आमिष लावून लोक रात्र काढत. मासा आमिष घेऊन किनाऱ्याकडे सरकला की आकडे सुटतात आणि ताठ दोर एकदम सैल पडतो. त्यानंतर परतणाऱ्या लाटेशी ओढाताण न करता पुढच्या लाटेबरोबर मासा गोट्यांवर आणावा लागतो.

त्या काळाविषयीच्या चर्चेत सर्वांत अधिक घोळ घातला तो ‘कॉडलिंग’ या शब्दाने. ही वेगळी जात नव्हे; लहान कॉडलाच हे नाव आहे. मात्र लहान म्हणजे किती, यावर एकमत नाही. पुष्कळ जण सहा पौंडांची, म्हणजे सुमारे २.७ किलोची, रेषा मानतात, पण ती रूढी आहे, कायदा नव्हे. धंदेवाईक मासेमारीसाठी कॉडची किमान लांबी ३५ सेंटिमीटर ठरली आहे, आणि एवढा मासा बहुधा एकदाही प्रजनन न केलेला असतो. ‘यंदा कॉडलिंग भरपूर’ हे वाक्य दरवेळी शुभवार्ता म्हणून ऐकले गेले. वास्तविक त्याचा अर्थ एखादी पिढी बरी निपजली एवढाच असतो, आणि ती मोठी होईपर्यंत टिकेल की नाही हे त्यातून कळत नाही. ज्या नोंदींत वजन न लिहिता केवळ हा शब्द लिहिला आहे, त्या आज तुलनेसाठी निरुपयोगी आहेत, आणि हे नुकसान भरून येणारे नाही.

उत्तर समुद्रातील प्रजननक्षम कॉडचा साठा १९७० च्या दशकाच्या आरंभी शिखरावर होता. २००६ च्या सुमारास तो तळाला गेला. ट्रॉलरच्या बेसुमार मासेमारीचा वाटा यात निःसंशय मोठा आहे. तापत्या पाण्यामुळे पिलांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव उत्तरेकडे सरकले, हेही खरे. साठा थोडा सावरताच २०१७ साली तेथील मासेमारीला शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले आणि २०१९ साली ते स्थगित करावे लागले. ते घाईने दिले गेले, असे आजही वाटते. २०२० साठी कोटा निम्म्यावर आणण्यात आला.

२०२३ पासून उत्तर समुद्र आणि लगतच्या पाण्यातील कॉडचे तीन उपसाठे वेगळे मोजले जातात. डंजनेससमोरचे पाणी ज्याच्या वाट्याला येते, तो दक्षिणेकडचा उपसाठा त्यांत दुबळा आहे. हिवाळी रात्री तेथे गळाला आता प्रामुख्याने व्हायटिंग हा कॉडच्याच कुळातला छोटा मासा आणि लहान मुशीच लागतात.